पूजेआधीचा वाटा

माझी आजी मराठीत फक्त देवाशी बोलायची. घरात आमची मावची बोली. विसरवाडीच्या बाजारात दुकानदारांशी बोलताना ती अहिराणीचा एक तुकडा वापरायची, तोही भाव पाडण्यापुरता. पण पहाटे चूल पेटवायच्या आधी डोक्यावर पदर घेऊन ती भिंतीकडे तोंड करून बसली, की तिच्या तोंडून 'हे कृपाळू पित्या' असं स्वच्छ, छापील मराठी बाहेर पडायचं. त्यामुळे बरीच वर्षं माझी समजूत अशी होती, की देव हा तलाठ्यासारखा बाहेरून बदली होऊन आलेला माणूस आहे, त्याला आपली बोली येत नाही, आणि त्याच्यापुढे अर्ज करायचा तर त्याच्या भाषेत करावा लागतो. या प्रकरणात मी घरच्या सगळ्यांना शाळेतल्या मराठीत बोलायला लावलं आहे. आजीला ते आवडलं नसतं. ती म्हणाली असती, आम्ही काय प्रार्थना करत होतो का?

तिचं नाव सारा. लग्नात ती वेगळ्या नावाने आली होती, ते नाव तिचा भाऊ सोडून कुणी घेत नसे, आणि तोही रागावला तरच. आजोबांचा बरेच दिवस न उतरणारा ताप चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात उतरला आणि त्यानंतर ते दोघं ख्रिस्ती झाले, एवढाच इतिहास घरात सांगितला जायचा. आजोबा त्यानंतर काही वर्षांनी साप चावून गेले. म्हणजे ज्याच्यामुळे धर्म घरात आला तो माणूस गेला आणि धर्म राहिला. मी कॉलेजात चार पुस्तकं वाचून आल्यावर आजीला यावरून छेडलं होतं. ती उडदाची डाळ पाट्यावर वाटत होती. वरवंटा न थांबवता म्हणाली, "ताप उतरवला तेव्हा मी सापाचं बोलले नव्हते." या उत्तरावर मी अजून विचार करते आहे.

आमचं घर टेकडीच्या उतारावर. बांबूच्या कुडाला शेणमातीचा गिलावा, वर कौलं, एका अंगाला बकऱ्यांची जागा. आजीची प्रार्थना ऐकत मी गोधडीत पडून असे आणि बकऱ्या पलीकडून पाय आपटत असत. प्रार्थना लांब असायची कारण तीत सगळे यायचे: ऊसतोडीला गुजरातेत गेलेले माझे आईबाप, माझ्या दोन मोठ्या बहिणी, मी (माझं नाव सुवार्ता, तिसरी मुलगी झाल्यावर ठेवलेलं, यावरून घरच्यांची विनोदबुद्धी कळावी), खुराड्यात बसलेली कोंबडी, पंतप्रधान, आणि सगळ्यात शेवटी गोमजी. त्याच्यासाठी एक ठरलेलं वाक्य होतं: "आणि गोमाला सांभाळ, तो तुला ओळखत नाही, पण तू त्याला ओळखतोस." मग 'आमेन', मग लगेच मावचीत बकरीला शिवी, आणि दिवस सुरू.

गोमजी तिचा धाकटा भाऊ. ओहोळाच्या पलीकडे त्याचं घर. तो कसलाही धर्म बदलणाऱ्यातला नव्हता. त्याला साधा बैलही बदलायला नको वाटायचा. कणसरी म्हणजे धान्याची देवी, आणि भात झोडून झाल्यावर खळ्यात तिची पूजा झाल्याशिवाय नव्या भाताचा दाणा तोंडात घालायचा नाही, ही त्याच्या घरची रीत. भगत यायचा, राशीपुढे पानावर शिजवलेला नवा भात ठेवायचा, कोंबडा कापायचा, मग घरातले जेवायचे. आता अडचण अशी, की बहिणीला नव्या भाताचा वाटा देणं हीही गोमजीची रीत, आणि देवीपुढे ठेवलेलं अन्न न खाणं ही आजीची. दोन्ही रीती एका हंडीत शिजणार कशा?

त्यांनी त्यावर तोड काढली होती ती ऐकण्यासारखी आहे. भगत यायच्या आधी गोमजी एका लहान मडक्यात आजीपुरता भात आणि उडदाची डाळ वेगळी शिजवून घ्यायचा, वर पळसाचं पान बांधायचा आणि ते मडकं घरातल्या शिंक्यात टांगायचा. पूजा खळ्यात, मडकं घरात. पूजा झाली की ते आमच्याकडे यायचं. पण देवीच्या आधी कुणी नव्या भाताला हात लावायचा नाही, मग हे मडकं कसं चाललं? मी त्याला एकदा विचारलं. तो विडी वळत होता.

"तुझी आजी आमच्यातली राहिलीय का?" तो म्हणाला.

"नाही."

"मग तिला आमचा नियम लागत नाही."

"मग वाटा कशाला देता?"

"बहीण आहे ना."

म्हणजे नियमापुरती ती परकी आणि वाट्यापुरती घरची. हा हिशेब आजीलाही मान्य होता आणि तिने तो उलट्या बाजूने चालवला होता. चर्चमध्ये कापणीचा सण असायचा. सगळे आपापल्या शेतातलं पहिलं पीक टोपलीतून न्यायचे, पाळक त्यावर प्रार्थना करायचे. आजी घरून निघण्याआधीच टोपलीतून गोमजीचा वाटा बाजूला काढायची, कारण दुसऱ्या देवाच्या नावाने प्रार्थना झालेलं धान्य घरात आलं तर कणसरी रुसते, असं गोमजीचं म्हणणं. तुझी देवी खरी नाही असं आजी त्याला आयुष्यभर सांगत आली, पण त्या देवीला राग येऊ नये याची काळजी तिने घेतली. मला हे तेव्हाही फार नवलाचं वाटे. एका वर्षी मी प्रार्थनेआधीचे आणि प्रार्थनेनंतरचे मूठभर तांदूळ कच्चेच चावून पाहिले. आजीने पाहिलं.

"काय करतेस?"

"चव बदलते का बघते."

"चव कशी बदलेल? मालक बदलतो."

आता माझं वय आजीच्या तेव्हाच्या वयापुढे गेलं आहे. धर्माधर्मांच्या संवादावर मोठ्या हॉलमध्ये भरलेली चर्चासत्रं मी ऐकली, त्यांत जेवणही उत्तम असतं, पण शिंक्यातल्या त्या मडक्याइतकी नेमकी तोड तिथे कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

मी आठवीत असेन तेव्हा आमच्याकडे नवे पाळक आले. नगरकडचे, तरुण, बारीक, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारे. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. आधीचे पाळक प्रवचनात झोपाळलेले असत. हे वाचायचे, घरोघरी जायचे, आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, आणि दोन वर्षांत मावची बऱ्यापैकी समजू लागले होते. त्यांचा दोष असला तर एकच, की प्रत्येक गोष्ट ते मुळापर्यंत न्यायचे. मडक्याची गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. आजीने त्यांना काळा चहा दिला.

"साराबाई, मूर्तीपुढचं अन्न तुम्ही खाता असं मी ऐकलं."

"पूजेनंतरचं मी खात नाही. आधीचं खाते."

"आधीचं की नंतरचं, हे तुम्हाला कसं कळतं? तुम्ही तिथे असता का?"

"नाही. मी पूजेला कशी जाऊ?"

"मग?"

"गोमा सांगतो."

पाळकांनी कप खाली ठेवला. "म्हणजे तुमच्या आत्म्याचा प्रश्न, आणि तो तुम्ही अशा माणसाच्या शब्दावर सोडता, जो प्रभूला ओळखत नाही."

आजीने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. मग म्हणाली, "तो मला ओळखतो."

पाळकांना हे पुरलं नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही पुरलं नसतं. ते सौम्यपणे पण स्पष्ट म्हणाले, की भावाकडचं अन्न बंद करावं हे बरं. ते होत नसेल तर ते तिच्यावर विश्वास ठेवतील. पण कधी नंतरचं खाल्ल्याचं निघालं, तर तिला प्रभुभोजनाला बसवता येणार नाही. चर्चच्या मंडळीत नव्याने आलेले लोक तिच्याकडे पाहून चालतात, म्हणून तिच्याबाबतीत जास्त जपावं लागतं. आजीने मान हलवली. ते गेल्यावर तिने कप धुतला, पुसला, परत धुतला. प्रभुभोजन म्हणजे तिला काय होतं हे मला सांगता येणार नाही, कारण ते तिनेही कधी सांगितलं नाही. पण ज्या रविवारी चर्चमध्ये येशूच्या नावाने भाकर वाटली जायची, त्याच्या आदल्या दिवसापासून ती कुणाशी भांडायची नाही, कोंबडीशीसुद्धा, आणि भाकरीचा तो नखाएवढा तुकडा तोंडात घेऊन परत येताना तिचा चेहरा असा व्हायचा, की मी तिच्याकडे बघायचं टाळायचे. दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटायचं. ते गेलं तर तिच्याकडे बकऱ्या आणि आम्ही उरणार होतो. आणि भावाचं मडकं परत पाठवलं असतं, तर ओहोळ ओलांडायचं कारणच उरलं नसतं.

त्या वर्षी मडकं आलं ते गोमजीच्या नव्या सुनेबरोबर. जमना तिचं नाव, गुजरातच्या हद्दीपलीकडून लग्न होऊन आलेली, हसरी, हातात काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत. सासऱ्याला हिवताप भरलाय, तो गोधडीखाली कुडकुडतोय, म्हणून मी आले, असं ती म्हणाली. मडकं आजीपुढे दोन्ही हातांनी ठेवून ती पाया पडली. "फुई, गरम आहे, आता खा," ती म्हणाली. फुई म्हणजे आत्या. नवऱ्याची आत्या ती आपली आत्या. आजीने डोळे मिटून मराठीत आभार मानले आणि आम्ही चौघी मडक्याभोवती बसलो. नव्या भाताचा वास असतो तो मला वर्णन करता येत नाही. ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. डाळीत लसूण जास्त होता. आजीने मडकं बोटाने पुसून खाल्लं. मी विचारलं, पूजेआधीचंच ना? जमनाने मान डोलावली, पण ती तेव्हा माझ्या बहिणीशी बांगड्यांबद्दल बोलत होती.

दोन दिवसांनी कापणीचा सण होता आणि त्याला मोठे साहेब येणार होते. आमच्या मंडळ्यांचे वरचे अधिकारी. त्यांच्यासाठी केळीच्या खुंटांची कमान उभारली होती आणि विसरवाडीहून लाऊडस्पीकर मागवला होता, जरी चर्च एवढं लहान होतं की खोकला तरी मागच्या बाकापर्यंत ऐकू जायचा. कर्णे मात्र बाहेर आंब्यावर बांधले होते, डोंगराला ऐकू यावं म्हणून. एरवी ढोलावर नाचणं मंडळीत बसत नसे. साहेबांच्या स्वागताला मात्र आम्हा मुलींना ढोलावर नाचत कमानीपर्यंत जायचं होतं, कारण पाहुण्यांना आदिवासी संस्कृती आवडते. साहेबांना हार, शाल, नारळ. मग साहेबांनी हार काढून ठेवला तेव्हा दुसरा हार. मग प्रास्ताविक, परिचय आणि परिचयाबद्दल आभार. परिचयात त्यांच्या नम्रतेबद्दल इतका वेळ बोललं गेलं, की साहेब स्वतः घड्याळ बघू लागले. आजी पुढे पाटावर बसून हे सगळं त्याच शांत चेहऱ्याने बघत होती, जसं ती बस यायची वाट बघते.

शेवटी प्रभुभोजन सुरू झालं. मोठी माणसं रांगेने पुढे जाऊन गुडघे टेकत होती. पाळक तबक घेऊन उभे, साहेब शाल सावरत त्यांच्या शेजारी. आजीच्या पुढे दोन बाया उरल्या होत्या, तेव्हा बाजूच्या दारात गोमजी आला. अंगावर गोधडी, डोळे तापाने लाल, हातात काठी. तो आयुष्यात या दारापर्यंत कधी आला नव्हता. उंबऱ्याबाहेरच थांबला आणि लाकडी चौकट धरून उभा राहिला. दाराशीच लाऊडस्पीकरवाला बसला होता, विसरवाडीचा माणूस, आमच्या मंडळीतला नव्हे. सकाळपासून एकामागून एक वक्ते सांभाळून तो कंटाळला होता. हाही त्यांतलाच एक समजून त्याने माईक उचलून गोमजीच्या तोंडापुढे धरला.

"बोला बाबा," तो म्हणाला, "मोकळं बोला, माईक चालू शे."

गोमजीला माईक म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. तो बहिणीशी बोलला, नेहमीच्या आवाजात, आणि ते आंब्यावरच्या कर्ण्यांतून सगळ्या डोंगराला ऐकू गेलं.

"बाई, थांब. ते पूजेनंतरचं होतं."

रांग जागच्या जागी थांबली. आजी वळली.

"काय नंतरचं?"

"भात. मी तापात पडलो होतो. भगताला आणखी खळी करायची होती, तो लवकर आला. सुनेला कुणी सांगितलं नाही. तिच्या माहेरी मोठ्या माणसाला पूजेनंतरचाच वाटा देतात, देवीपुढच्या पानावरचा. मान म्हणून. तिने तुला मान दिला. आज सकाळी मला आनंदाने सांगितलं, तेव्हा कळलं." त्याला धाप लागली. कर्ण्यांतून तीही ऐकू आली. "तू यांच्या देवाचं खायच्या आधी सांगायला हवं, म्हणून आलो."

मी पाळकांकडे पाहिलं. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि ते साऱ्या पंचक्रोशीला ऐकू गेलं होतं, पण खरं ठरल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर कुठे दिसेना. तबक किंचित कलंडलं होतं. साहेब त्यांच्याकडे झुकले. त्यांना मावचीचा एक शब्द येत नव्हता.

"काय म्हणतो आहे तो?"

पाळकांनी तबक सरळ केलं. "साक्ष देतो आहे, साहेब."

"उत्तम," साहेब म्हणाले. "फार उत्तम. अशा साक्षी व्हायला हव्यात."

आजी रांगेतून बाहेर पडली. तिला कुणी बाहेर काढलं नाही. पाळकांना तसा वेळच मिळाला नाही. ती त्यांच्यापुढे जाऊन थांबली आणि मावचीत, हळू, पण माईक अजून चालूच होता, म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्ही विचारलं होतं मला कसं कळतं. असं कळतं." मग ती बाजूच्या दारातून बाहेर गेली, गोमजीच्या कपाळावर तळहात ठेवला आणि त्याचं जुनं, आईबापांनी ठेवलेलं लाडकं नाव घेऊन त्याला रागे भरू लागली. लाऊडस्पीकरवाल्याला एव्हाना काहीतरी चुकल्याचा संशय आला असावा. त्याने माईक बंद केला. आत गाणं सुरू झालं. मी मुलींच्या रांगेतून निसटून बाहेर पळाले. मला पुढचं ऐकायचं होतं.

पुढे जे झालं ते कमानीतल्या कार्यक्रमाइतकं भव्य नव्हतं. ओहोळाकडे जाणाऱ्या वाटेवर आम्ही तिघं हळूहळू चालत होतो. आजीने आपल्या पदराचं टोक पाण्यात भिजवून त्याच्या डोक्याला गुंडाळलं होतं.

"एवढ्या तापात चालत आलास. पोराला पाठवायचं."

"पोराने काहीतरी गोड करून सांगितलं असतं."

"जमनाला ओरडला नाहीस ना?"

"ओरडायला अंगात जोर कुठे आहे?"

"ओरडू नको. डाळ चांगली झाली होती म्हणून सांग. लसूण जरा कमी."

मग मी पाहिलं की ती रडते आहे. आवाज नव्हता, चालणंही थांबलं नव्हतं. गोमजीने पाहिलं आणि तो समोर बघत चालत राहिला. त्या दिवशीचा तो तुकडा तिला हवा होता, आणि तिच्या भावाने तो तिच्या तोंडापुढून काढून घेतला होता, आणि त्याला तसं करताना पाहून तिला त्याचा अभिमानही वाटत होता. एवढ्या सगळ्यासाठी तिच्या दोन भाषांपैकी एकीतही शब्द नसावेत.

नाताळात पाळकांनी तिला काही न विचारता प्रभुभोजन दिलं. मडक्याबद्दल ते परत कधी बोलले नाहीत. मंडळीतल्या काही जणींनी मात्र बरंच बोलून घेतलं, आजी निमूट ऐकून घ्यायची आणि त्यांची नावं सकाळच्या प्रार्थनेत पंतप्रधानांच्या आधी घ्यायची. यातलं काय शास्त्राला धरून होतं आणि काय नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. मी स्वतः चर्चमध्ये आता लग्नांना आणि मयतांनाच जाते, आणि दोन्हीकडे भाषणं लांबतात.

मला एक गोष्ट मात्र तेव्हा कळेना. जमनाने सांगितल्यावर गोमजी गोधडी ओढून पडून राहिला असता, तर कुणाला काहीच कळलं नसतं. आजी रांगेत गुडघे टेकून समाधानाने परतली असती. आणि ज्या देवाला तो मानतच नव्हता, त्याच्या ताटाची त्याला काय पडली होती? ओहोळाशी आजी पाय धुवायला खाली उतरली, तेव्हा मी त्याला हळूच विचारलं, आजा, तुम्ही गप्प बसला असतात तर?

तो काठीवर भार टाकून उभा होता. तापात माणूस जसा प्रश्न दुरून ऐकतो तसा त्याने तो ऐकला. मग म्हणाला, "बसलो असतो. मग पुढच्या वर्षी ती कशाच्या भरवशावर खाणार?"